ओरेनबुर्गची शाल, दोन हिवाळे वापरल्यानंतर

वैद्यकीय शिक्षणासाठी रशियातील ओरेनबुर्गला आल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात मी बाजारातल्या एका आजींकडून राखाडी रंगाचा ‘पूखोवी प्लातोक’, म्हणजे शेळीच्या मऊ लोकरीची हातविणीची चौकोनी शाल, साडेचार हजार रूबलना घेतली. ही लोकर इथल्या शेळ्यांच्या राठ केसांखाली थंडीत वाढते आणि हिवाळा सरताना ती विंचरून काढतात. तिचा तंतू साधारण 16 ते 18 मायक्रॉन जाडीचा, पश्मिन्याच्या जवळ जाणारा असतो. अंगठीतून आरपार जाणारी तलम शाल ‘पाउतिन्का’, म्हणजे कोळ्याचे जाळे, या नावाने ओळखली जाते; ती सणासमारंभाची. माझी जाड, रोजच्या वापराची आहे, आणि उणे 20 अंशांच्या वाऱ्यात तिने मला एकदाही दगा दिलेला नाही.

मात्र ती कशी वापरायची हे मला वसतिगृहाच्या दारावर बसणाऱ्या आजींनी शिकवले. मी ती आपल्या पद्धतीने खांद्यांवर टाकून निघाले होते. त्यांनी मला थांबवून शालीचा त्रिकोण केला, डोक्यावरून घेतला, टोके छातीवर ओलांडून पाठीमागे गाठ मारली आणि टोपी कुठे आहे म्हणून विचारले. लहानपणी आजी आपल्यालाही कोटावरून अशीच बांधून बाहेर पाठवत असे, असे वर्गातल्या रशियन मैत्रिणी सांगतात. रस्त्यात अनोळखी आजीने मफलर नीट करायला लावला तरी इथे तो आगाऊपणा समजला जात नाही, कारण तो अधिकार या बायकांनी कष्टाने मिळवलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसे गेली, त्यांत पुरुष फार मोठ्या संख्येने होते. असंख्य घरे बायकांनीच उभी ठेवली. पुढे आई कारखान्यात किंवा कार्यालयात, घर दोन खोल्यांचे, आणि स्त्रियांचे निवृत्तीचे वय 55, त्यामुळे नातवंडांना बालवाडीतून आणणे, दुकानाच्या रांगेत उभे राहणे, दाचावर, म्हणजे गावाबाहेरच्या लहानशा बागघरात, काकड्या पिकवून त्या बरण्यांत मुरवणे हे सारे आजीकडे आले. धर्माला सरकारी विरोध असतानाही कित्येक आज्यांनी नातवंडांचा बाप्तिस्मा गुपचूप करवून घेतला. 2018च्या कायद्याने निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने 60 पर्यंत नेले जात आहे. त्याचा भार नेमका अशा घरांवर पडणार, याची मला खरोखर काळजी वाटते.

शालीच्या उणिवाही सांगायला हव्यात. पहिले काही आठवडे काळ्या कोटावर तिचे तंतू चिकटतात. यंत्रात ती धुता येत नाही. कोमट पाण्यात हाताने हलकेच धुवून चौकटीवर ताणून वाळवावी लागते, आणि वसतिगृहात चौकट कुठून आणणार, म्हणून मी ती पलंगावर चादरीला टाचण्या लावून वाळवते. बाजारात कृत्रिम धाग्याच्या नकली शालीही पुष्कळ आहेत. विकणाऱ्या आजींनी मला ‘दोचेन्का’, म्हणजे लेकी, अशी हाक मारून एक खूण सांगितली: वरची लव चिमटीत धरून शाल हलकेच झटकावी, चिमटीत लव सुटून आली तर घेऊ नये. त्यांनी आधी शेजारच्या नव्हे, स्वतःच्याच मालावर हे करून दाखवले.

मागच्या सुट्टीत मी थोडी लहान शाल माझ्या आजीसाठी मिरजेला नेली. तिथे थंडी बेताचीच, पण इथल्या आज्या कंबर धरली की हीच शाल कमरेला घट्ट गुंडाळतात हे मी तिला सांगितले, आणि आता पहाटे दूध तापवायला उठताना ती तशीच गुंडाळते.