वायरगार्ड: चपळ, आटोपशीर आणि जरा जास्तच अबोल

घरच्या फायरवॉलच्या आडून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायला मी आता वायरगार्ड हे व्हीपीएनच (इंटरनेटवरून जाणारा सुरक्षित खाजगी बोगदा) वापरते. आधी पीपीटीपी हे जुनं व्हीपीएन होतं. त्याला टीसीपी पोर्ट १७२३ सोडून जीआरई हा वेगळा प्रोटोकॉलही लागायचा, आणि घरगुती राउटर जीआरईला कधी अडवेल याचा नेम नसायचा. वायरगार्डचा सगळा कारभार एका यूडीपी पोर्टवर (यूडीपी पोच न मागता पॅकेट धाडतं, टीसीपी पोच मागतं), बहुतेक ठिकाणी ५१८२०. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, त्याला जागा मिळाली. कॉन्फिग फाइल तर एका नजरेत मावते.

माझी तक्रार आहे ती जोडणी होत नाही तेव्हाची. किल्ली (की) चुकलेली असो, पोर्ट अडलेलं असो की सर्व्हर बंद असो, हे आपलं मख्ख. अ‍ॅपमधलं बटण खुशाल चालू दिसतं. ओळख न पटलेल्या पॅकेटला उत्तरच द्यायचं नाही, हे त्याचं सुरक्षेचं तत्त्व. तत्त्व मला मान्य आहे. रात्री सर्व्हर गाठायची घाई असते तेव्हा जरा कमी मान्य असतं.

बोलतं करायचं तर 'डब्ल्यूजी शो' ही कमांड चालवायची. पाठवलेले बाइट वाढतायत आणि आलेले शून्यावरच, म्हणजे पॅकेट वाटेत अडतंय किंवा पलीकडे त्याला कुणी ओळखत नाही. नेमकं काय ते ठरवायला मी तीच कॉन्फिग फाइल फोनच्या हॉटस्पॉटवरून चालवते. तिथे हँडशेक (दोन्ही टोकांची ओळखदेख) झाला, की संशय घरच्या राउटरवर. माझ्या राउटरच्या 'हाय' सुरक्षा पातळीत बाहेर जाणारं यूडीपी जवळजवळ सगळं बंद होतं, आणि सेटिंगच्या पानावर त्याचा साधा उल्लेख नव्हता!

हँडशेक होतो पण थोडा वेळ काही पाठवलं नाही की पलीकडून काही येईनासं होतं, तेव्हा दोष नॅटचा, म्हणजे राउटरमधल्या पत्ते बदलून देणाऱ्या सोयीचा: वापरात नसलेली यूडीपीची नोंद तो विसरतो. 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' (ठरावीक वेळाने रिकामं पॅकेट पाठवायचं सेटिंग) २५ सेकंदांवर ठेवलं की भागतं.

खरा छळवादी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची बाइटमधली कमाल लांबी. पिंग जातो, एसएसएचचं (दूरच्या सर्व्हरवर शिरायचं) लॉगिन होतं, आणि मोठी फाइल उघडली की सगळं गोठतं. वायरगार्ड आयपीव्ही४ वर ६० आणि आयपीव्ही६ वर ८० बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून मोठा आकडा धरून १५०० मधून नेहमीचे १४२० उरतात. पण पीपीपीओईच्या (ब्रॉडबँड जोडणीची एक पद्धत) लाइनवर मुळात १४९२च असतात, म्हणजे आयपीव्ही६ ने गेलं तर १४१२ च्या वर जाता येत नाही. मी आधी सरळ १२८० टाकून बघते. गाडी हलली तर मग हळूहळू वाढवते.

घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे पत्त्यांची १९२.१६८.१ चीच रेंज असेल तर मात्र एकीकडची बदलून टाका, नसत्या कसरती नकोत.

वेग आणि साधेपणा यांसाठी पूर्ण गुण. पण याला टीसीपी मुळात येतच नाही, त्यामुळे जिथे यूडीपीला पूर्ण बंदी आहे तिथे इलाज नाही. अशा जागांसाठी टीसीपी ४४३ वरचं ओपनव्हीपीएन मी लॅपटॉपवरून काढलेलं नाही.