‘दाबून बघा ना, दगड झालाय ब्रेक’

सिग्नलला गाडी उभी होती आणि माझा पाय नेहमीसारखा ब्रेकवर. पाच-सात सेकंदांत जाणवलं की पेडल खाली चाललंय. झटक्याने नाही, चिखलात रुतणाऱ्या पावलासारखं, सावकाश. पाय उचलून परत दाबलं तर ते पुन्हा आपल्या जागेवर. धावत्या गाडीत ब्रेक व्यवस्थित लागत होता, त्यामुळे दोन-तीन दिवस मी स्वतःलाच ‘भास असेल’ म्हणून समजावलं. पहिली चूक ती.

गॅरेज ओळखीचं होतं, चार वर्षांपासूनचं. मालकाने बाहेर उभ्या उभ्याच पेडल दोनदा दाबलं आणि निदान सांगितलं, “लाइनला हवा आहे साहेब. पॅडही संपलेत. संध्याकाळी घेऊन जा.” म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांत हवा शिरली आहे. संध्याकाळी बिलात नवे पॅड, ब्रेक ऑइल बदलणे, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढणे आणि मजुरी. गाडी ताब्यात देताना तो सीटवर बसला, इंजिन बंदच होतं, त्याने पेडल चार-पाच वेळा भराभर मारलं आणि मला म्हणाला, “दाबून बघा ना, दगड झालाय ब्रेक.” मी दाबलं. खरंच दगड. पैसे दिले.

ही जी दगडाची जादू आहे ना, तिच्यासाठीच हे सगळं लिहितोय. इंजिन बंद असताना जवळजवळ कुठल्याही गाडीचं पेडल चार-पाचदा मारा, ते कडकच होणार. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीवर, चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-चार वेळा पुरेल एवढाच साठा त्यात उरतो, तो संपला की सगळा भार तुमच्या पायावर येतो. दुरुस्ती झाली असो वा नसो, पेडल घट्ट लागणार म्हणजे लागणार. शिवाय मी दाबलं ते क्षणभर. माझा दोष तर पाय दाबून धरल्यावर दिसणारा होता.

घरी येताना पहिल्याच सिग्नलला पेडल पुन्हा खाली. फोन केला तर म्हणाला, “नवे पॅड आहेत, बसायला वेळ लागतो. शे-दोनशे किलोमीटर चालवा.” यातलं अर्धं खरं आहे आणि लबाडी नेमकी तिथेच खपते. नवे पॅड डिस्कला बसेपर्यंत पकड थोडी कमी लागू शकते. पण पाय स्थिर ठेवलेला असताना पेडल खाली सरकण्याशी त्याचा काही संबंध नाही.

दुसऱ्या फेरीत “बूस्टर गेलाय” निघालं. आज हसू येतं. बूस्टर गेला की बहुतेक वेळा पेडल जड होतं, पाय रोवून दाबावं लागतं. माझा आजार बरोबर उलटा. पण तेव्हा मला बूस्टर म्हणजे बॉनेटखालचा तो काळा गोल डबा, एवढंच माहीत होतं. पुन्हा बिल, पुन्हा दगड, पुन्हा सिग्नल. तिसऱ्या फेरीत त्याने स्वतःहून सांगितलं, “मास्टर सिलेंडरच नवीन टाकला.” म्हणजे पायाच्या दाबाने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग. बॉनेट उघडून दाखवलाही, चांदीसारखा चमकत होता. जुना कुठे आहे विचारलं तर “भंगारवाला घेऊन गेला.” मी मान डोलावली. या मान डोलावण्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग एका उतारावर, पुढे वाहनांची रांग, गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली, ब्रेकवर हलका पाय. पेडल जवळजवळ तळाला टेकलं. हँडब्रेक ओढला, पाय आणखी रोवला आणि पुढच्या स्कूटरच्या मागे वीतभर अंतरावर गाडी थांबली. तिथून ती चालवत नेली नाही. टोइंगने दुसऱ्या मिस्त्रीकडे पाठवली.

या मिस्त्रीने आधी पान्याला हातच लावला नाही. मलाच सीटवर बसवलं. इंजिन बंद, पेडल कडक होईपर्यंत मारायचं आणि मग हलक्या, एकसारख्या जोराने दाबून तीस अंक मोजायचे. बाराव्या अंकालाच पाय निम्म्याच्या खाली होता. “आता जोरात दाबा.” जोरात दाबल्यावर पेडल टिकलं. त्याने कारण सांगितलं ते असं: सिलेंडरच्या आत रबरी वॉशर असतात, मिस्त्री लोक त्यांना कप म्हणतात. जोराचा दाब आला की कपाची कड फुलून भिंतीला चिकटते. हलक्या दाबात झिजलेल्या कडेवरून ऑइल मागच्या बाजूला निसटतं आणि टाकीत परत जातं. म्हणून ऑइलची पातळी कमी होत नाही, खाली थेंब दिसत नाही आणि जोरात ब्रेक मारून तपासणाऱ्याला काही सापडत नाही. आत कप्पे दोन असतात. एकाने दगा दिला तरी दुसरा त्याच्या वाट्याची चाकं धरतो. उतारावर मला वाचवलं ते त्याने.

हवेचा दोष वेगळा कळतो, हेही त्याने सांगितलं. तेव्हा पेडल स्पंजसारखं लवचीक लागतं आणि दोन-तीनदा मारलं की वर येतं. जुन्या ऑइलचं आणखी वेगळं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषलेल्या ऑइलचा १५५ पर्यंत घसरला तरी ते प्रमाणात बसतं. लांब उतारावर ते तापून त्याची वाफ झाली की पेडल अचानक पोकळ होतं. (आणि पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू केलं की पेडल थोडं खाली जातं, ते मात्र बूस्टर ठणठणीत असल्याची खूण आहे. मी मध्ये त्यालाही घाबरलो होतो.)

मग त्याने चाकं काढली. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे जबडे, कोरडे, मागच्या ड्रमच्या आतही ओल नाही, पेडलच्या वरच्या बाजूला गालिच्यावर ऑइल नाही. गळतीचा प्रश्न मिटला. पॅड नवे होते, तेवढं खरं. पण हवा काढायच्या निपलवर जी रबरी टोपी असते, तिच्यावर चिखलाचा थर वाळून तडकलेला होता, टोपी आणि निपल मिळून एकच ढेकूळ. मिस्त्रीने नखाने टोकरला तेव्हा खपली पडली. टोपी काढून पाना लावल्याशिवाय हवा निघत नाही. चारही चाकांना तीच खपली. टाकीतलं ऑइल गंजाच्या पाण्यासारखं तपकिरी.

आणि तो ‘नवा’ सिलेंडर. टॉर्च धरून त्याने मला वाकायला सांगितलं. चांदीचा रंग सिलेंडरवरून नटवर, नटवरून बोल्टच्या आट्यांवर अखंड ओघळला होता. नट फिरवला असता तर रंगाला चीर गेली असती. पाना लावताच रंगाचा पापुद्रा उडाला आणि खालून जुना गंज निघाला. मी प्रत्येक गोष्टीचा फोटो घेतला.

खरा नवा सिलेंडर त्याने आधी टेबलावर शिकंज्यात धरून आतली हवा काढली, मग गाडीला बसवला, मग चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. इंजिन सुरू ठेवून मी तीस मोजले, मग साठ. पाय तिथेच राहिला. जुना सुटा भाग त्याने न मागता पिशवीत घालून दिला.

ती पिशवी आणि फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजवर गेलो. मालक आधी म्हणाला, पोराने केलं असेल. मग म्हणाला, हा सिलेंडर आमचा नाहीच. मी नटाचा फोटो पुढे केला. त्याने तो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “रंग आमचाच आहे.”

सिलेंडरचे आणि बूस्टरचे पैसे मिळाले. हवा काढल्याचे राहिले ते राहिलेच.