शीर सापडत नाही तेव्हा: व्हेन फाइंडर घ्यावा की सोनोग्राफी शिकावी?

खानापूर, निपाणी, अथणीकडच्या लहान दवाखान्यांत हा प्रश्न कधी ना कधी येतोच. चार-पाच ठिकाणी टोचूनही सलाईन लागत नाही, पेशंट कळवळतो, नातेवाईक चिडतात. अशा वेळी व्हेन फाइंडर विकत घ्यावा, की सोनोग्राफीखाली शीर धरायला शिकावं? माझं मत आधीच सांगतो: शिकणाऱ्याला वेळ आणि शिकवणारा देणार असाल तर सोनोग्राफी. नाहीतर व्हेन फाइंडर घेतलेला बरा.

व्हेन फाइंडर अवरक्त प्रकाशावर चालतो. कातडीवर शिरांचं जाळं उमटतं आणि तो वापरायला फारसं शिकावं लागत नाही. पण त्याची नजर सेंटिमीटरभर खोलीपर्यंतच पोचते, आणि शीर किती खोल आहे हे तो सांगत नाही. सुजलेले हात, जाड दंड, केमोने निकामी झालेल्या शिरा, म्हणजे खरी अडचण असते तिथेच तो तोकडा पडतो.

सोनोग्राफीत दंडातली बॅसिलिक शीर दिसते, तिची खोली मोजता येते. प्रोबने, म्हणजे यंत्राच्या कातडीवर टेकवायच्या भागाने, दाबल्यावर शीर चपटी होते. धमनी सहजी दबत नाही आणि ठोके देत राहते. शेजारच्या ब्रेकियल शिरा टाळाव्यात, कारण त्यांना लागूनच धमनी आणि मज्जातंतू असतात. मात्र यंत्र आणण्याआधी १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी हवी, मग तुम्ही ते फक्त हातांवर वापरणार असलात तरी. निपाणीत नोंदवलेलं पोर्टेबल यंत्र गाडीत घालून कागलच्या शाखेत नेता येत नाही. प्रोब कोणी हाताळायचा, सिस्टर वापरू शकतील का, हेही जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडून (हा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्याकडून) लेखी विचारून घ्या. व्हेन फाइंडरला ही कटकट नाही, आणि काही दवाखान्यांसाठी एवढ्यावरच निर्णय होईल.

सोनोग्राफी ठरली, की प्रोब शिरेला आडवा धरायचा की शिरेच्या लांबीने उभा? आडव्या धरण्यात शीर गोल दिसते, धमनी शेजारी दिसते, सुई मधोमध नेणं सोपं जातं. धोका असा की पडद्यावरचा पांढरा ठिपका सुईचं टोक आहे की मधला दांडा, ते ओळखू येत नाही. टोक समजून दांडा पाहत राहिलात, तर शिरेची मागची भिंत भोसकून सुई पार जाते. उभ्या धरण्यात सुई टोकापर्यंत दिसते, पण सोनोग्राफीचा झोत फार पातळ असतो. हात किंचित सरकला की सुई किंवा शीर पडद्यावरून जाते, आणि शेजारी काय आहे ते कळत नाही. वाकड्या, बारीक शिरांत तर हे फारच जड जातं.

म्हणून आधी आडवी पद्धत शिका, पण टोकाचा पाठलाग करत. ठिपका दिसला की प्रोब दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकवा, ठिपका नाहीसा होईल. मग तो पुन्हा दिसेपर्यंतच सुई पुढे ढकला. शिरेच्या आत शिरल्यावरही हेच करत राहा. रक्त आलं म्हणून लगेच थांबायचं नाही. सुई आणखी थोडी आत गेल्यावरच कॅन्युला, म्हणजे सुईवरची शिरेत राहणारी मऊ नळी, सरकवायची.

कॅन्युलाच्या लांबीकडे फार दुर्लक्ष होतं. शीर दीड सेंटिमीटर खोल आणि सुई ४५ अंशांत असेल, तर २१ मिलिमीटर वाटेतच जातात. गुलाबी २० नंबरची कॅन्युला साधारण ३२ मिलिमीटरची, म्हणजे शिरेत जेमतेम एक तृतीयांश उरते. रात्रीत ती निसटते, सलाईन मांसात जाऊन हात सुजतो. ६४ मिलिमीटरच्या लांब कॅन्युलात दोन तृतीयांश भाग आत राहतो. महागड्या यंत्रापेक्षा या कॅन्युलांसाठी पैसे राखून ठेवा. त्या मिळत नसतील, तर कोपराच्या खालच्या हातावरची उथळ शीर शोधा.

प्रशिक्षणातही दोन वाटा आहेत. एक दिवसाची कार्यशाळा प्रोब धरायला शिकवते, पेशंटच्या हातावर यश देत नाही. दुसरी वाट दवाखान्यातच चालते: जिलेटिनमध्ये रबरी नळी बसवून टोक शोधण्याचा सराव, मग सुईविना एकमेकांचे हात पाहणं, मग जाणकार शेजारी उभा ठेवून पेशंट. पहिले पेशंट तातडीचे नसावेत. जाणकार गावात नसेल तर बेळगावातल्या मोठ्या रुग्णालयांच्या भूल विभागात विचारा. मला ही दुसरी वाटच खरी वाटते.

आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या पेशंटला सोनोग्राफी हाताशी आहे म्हणून दंडाच्या शिरेला हात लावू नका. बॅसिलिक आणि सेफॅलिक या शिरांवरच उद्या डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा जोड) करायचा असतो. त्या आज खराब केल्या तर पुढे जागा उरत नाही. अशांना तळहाताच्या मागच्या शिरा वापराव्यात, आणि तिथे व्हेन फाइंडर खरोखर कामाला येतो.