हाड मोडलं तर सोय आहे, पायाची जखम चिघळली तर नाही

विदर्भातल्या खेड्यातून हाडाच्या डॉक्टरपर्यंत पोचायची सरकारी वाट म्हणजे 108 ची गाडी, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय आणि शेवटी मेडिकल कॉलेज. मोडतोडीसाठी या वाटेला पाचपैकी साडेतीन गुण द्यायला हरकत नाही. पायाच्या जखमांना, त्यातही शुगरवाल्यांच्या, दीडच्या वर देववत नाहीत.

आधी मोडतोड. ग्रामीण रुग्णालय साधारण 30 खाटांचं. एक्स-रे बहुतेक ठिकाणी असतो, हाडाचा सर्जन सहसा नसतो. त्यामुळे तिथे ऑपरेशनची वाट बघत बसू नये. तिथून एवढंच करून घ्यावं: रक्त थांबवणं, सलाईन, धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिकचा पहिला डोस, कच्चं प्लास्टर किंवा थॉमस स्प्लिंट (पाय ताणून धरणारी लोखंडी चौकट), आणि रेफर चिठ्ठीवर अपघाताची वेळ. मांडीचं हाड मोडलं की बाहेर थेंबही न दिसता लिटर-दीड लिटर रक्त आत साचू शकतं. असा माणूस स्प्लिंटशिवाय ऑटोत आडवा टाकून नेला तर वाटेतच बीपी पडतं. हाड कातडीबाहेर आलं असेल तर अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासात जायला हवं. तोवर जखमेवर सलाईनमध्ये भिजवलेला गॉझ, नाहीतर स्वच्छ ओलं फडकं. हळद नको, राख नको, आणि हाड आत ढकलायचा प्रयत्न तर मुळीच नको.

वेळ खरा जातो तो पहिल्या दवाखान्यातून पुढच्या गाडीची वाट बघण्यात. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर आहे, धारणीहून अमरावतीला मेळघाटचा घाट उतरावा लागतो. म्हणून इकडे पट्टी चालू असतानाच डॉक्टरांना पुढच्या दवाखान्यात फोन करायला सांगावं आणि गाडीही तेव्हाच मागवावी. खुब्याचा सांधा निखळला असेल तर तो सहा तासांच्या आत बसवलेला बरा, नाहीतर मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती वाढते. मोडलेल्या भागाच्या पुढे हातपाय थंड, पांढरा पडला असेल किंवा मणक्याला मार असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी न थांबता सरळ मेडिकल कॉलेज गाठावं: नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, मिहानचं एम्स, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, जे जवळ पडेल ते.

गावचा हाडवैद्य बांबूच्या कामट्या आवळून बांधतो. हाड कधी जुळतंही, पण सूज वाढली की आतला दाब वाढतो आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. बोट हलकेच सरळ केलं तरी माणूस ओरडतो, मग मुंग्या, मग बधिरपणा. हे दिसलं की सकाळची वाट न बघता बांधलेलं सगळं कापून काढायचं. सरकारी प्लास्टरलाही हेच लागू आहे.

घोटा मुरगळला तर दर वेळी एक्स-रे लागत नाही. चार पावलं टाकता येत नसतील, घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, किंवा करंगळीच्या रेषेत पावलाच्या मधोमध बाहेरचं हाड दुखत असेल, तर काढावा.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट हुकते. विशी-पंचविशीतला पोरगा जांघेत दुखतं म्हणून येतो आणि कंबरेची गोळी घेऊन जातो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात खुब्याचा गोळा रक्ताअभावी झिजतो, आणि सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो. सिकलसेलची तपासणी आणि एमआरआय मागून घ्यावा.

पैशाचं म्हणाल तर आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केस पेपरसकट उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजं दुसऱ्या विभागाची, तिथे केस पेपर पडतो. सळई, प्लेट टाकायची असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरतीच्या दिवशीच आरोग्यमित्राला, म्हणजे मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेच्या दवाखान्यातल्या माणसाला, गाठावं. ही योजना भरती होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आहे, नुसत्या ओपीडीसाठी नाही.

आता पाय. शुगरवाला तळव्याची जखम घेऊन गेला की सर्जरीवाले मेडिसिनकडे पाठवतात, मेडिसिनवाले गोळी वाढवतात, आणि रोज बेटाडीनची पट्टी चालू राहते. जखम भरत नाही, कारण माणूस तिच्यावरच चालतो. इथे औषधाइतकंच महत्त्व भार उतरवण्याला आहे. त्यासाठी टोटल कॉन्टॅक्ट कास्ट असतं: गुडघ्याखालून पायाला अंगासरशी बसणारं प्लास्टर, आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायचं. पू असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर मात्र ते घालत नाहीत. विचारल्याशिवाय हा विषय क्वचितच निघतो.

विचारायच्या गोष्टी आणखी आहेत. 10 ग्रॅमच्या नायलॉन धाग्याने बधिरपणा तपासला का, पावलाच्या दोन्ही नाड्या बघितल्या का, जखमेच्या तळाशी तपासणीची बोथट सळई टेकवल्यावर हाड लागतं का. हाडाला पू झाल्याचं एक्स-रेत दोन-तीन आठवडे दिसत नाही, तेव्हा 'एक्स-रे नॉर्मल' ऐकून निर्धास्त होऊ नये. पाऊल लाल, गरम, सुजलेलं, पण जखम नाही आणि फारसं दुखतही नाही, तर शार्को पाय, म्हणजे बधिर पायातली हाडं-सांधे खिळखिळे होणं, असू शकतो. तो नुसता अँटिबायोटिकवर ठेवला की चालता चालता हाडं ढासळतात. पावसाळ्यात बेचकीतल्या चिखल्याही सोडून देऊ नयेत, जंतू तिथूनच आत शिरतात. बाभळीचा काटा किंवा पऱ्हाटीचं धसकट रुतून मोडलं तर ते सहसा एक्स-रेत उमटत नाही, सोनोग्राफी करायला सांगावं.

राग येतो तो याचा की बधिर पाय कसा सांभाळायचा हे विदर्भाला शिकवायची गरज नाही. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही कुष्ठरुग्णांची केंद्रं इथलीच. कुष्ठरुग्णाला सरकारी कार्यक्रमातून एमसीआरच्या (मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या) चपला मोफत मिळतात, शुगरने तसाच बधिर झालेला पाय मात्र बाजारातली रबरी स्लीपर घालून शेतात जातो. एमसीआर विकत घ्यायची तर आतला थर अंगठ्याने दाबल्यावर दबून परत वर आला पाहिजे, टाचेमागे पट्टा हवा, आणि खिळा एकही नको, सगळं चिकटवलेलं. अंगठ्याच्या बेचकीतून जाणारा पट्टा घेऊ नये. पहिल्या दिवशी तासभर घालून तळवा बघायचा, लाल डाग उठून वीस मिनिटांत गेला नाही तर चपला परत करायच्या.