बाल्टसरोलचा लोअर कोर्स सिम्युलेटरवर: एका हिवाळ्याचा अनुभव

न्यू जर्सीत थंडी पडली की गोल्फ बंद. म्हणून गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर गॅरेजमध्ये सिम्युलेटर बसवला: पडदा, प्रोजेक्टर, बॉलचा वेग मोजणारं यंत्र आणि वर्षाच्या वर्गणीत मिळणारे ढीगभर कोर्स. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली थोड्या तक्रारी आहेत. आणि खरं सांगायचं तर बाकीचे कोर्स मी चाखून सोडून दिले. हिवाळाभर खेळलो तो बाल्टसरोल या गोल्फ क्लबच्या दोन कोर्सपैकी लोअर.

हा क्लब स्प्रिंगफील्डला, एडिसनहून गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. पण मेंबरने बोलावल्याशिवाय तिथे खेळायला मिळत नाही, आणि माझ्या ओळखीत तसा मेंबर नाही. 1895 मध्ये लुई केलरने तो काढला. न्यूयॉर्कच्या खानदानी घराण्यांची नावं छापणारं 'सोशल रजिस्टर' याच गृहस्थाचं. क्लबला नाव मात्र मिळालं बाल्टस रोल या शेतकऱ्याचं, ज्याचा 1831 मध्ये तिथल्याच डोंगरावर खून झाला होता. खानदानी मंडळींना ते कसं चाललं, देव जाणे.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट टिलिंगहास्टची, म्हणजे कोर्स आखणाऱ्याची. जुन्या कोर्सच्या जोडीला दुसरा कोर्स आखून द्या, म्हणून क्लबने त्याला बोलावलं. जुन्या कोर्सवर तोवर 1903 आणि 1915 अशा दोन यूएस ओपन, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या गोल्फ स्पर्धा, झालेल्या. हा म्हणाला, जुना मोडा, दोन नवे एकदमच करू. क्लब तयार झाला! 1922 मध्ये अपर आणि लोअर खुले झाले. आजच्या एखाद्या कमिटीसमोर असा प्रस्ताव ठेवून बघा.

आता खेळाचं. चौथा होल पार 3, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा. मागच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, सुमारे 195 यार्ड, मध्ये तळं आणि ग्रीनच्या (खड्ड्याभोवतीच्या आखूड गवताच्या) तोंडाशी दगडी भिंत. 1954 च्या ओपनसाठी कोर्स आखणाऱ्या रॉबर्ट ट्रेंट जोन्सने तो कठीण केला, तेव्हा मेंबरांनी कुरकुर केली. जोन्स स्वतः टीवर गेला, मारला, आणि बॉल थेट होलमध्ये. होल अगदी न्याय्य आहे, एवढं बोलून त्याने विषय मिटवला. पडद्यावर हा होल झकास जमलाय. पाच आयर्न (गोल्फची एक काठी) जरा जाड लागला, म्हणजे बॉलआधी जमिनीला लागला, की बॉल भिंतीवर आपटून पाण्यात, आणि स्पीकरमधून 'डुबुक'. बायकोला आता स्वयंपाकघरातून कळतं मी कितव्या होलवर आहे ते.

शेवटी लागोपाठ दोन पार 5 आहेत, आणि पैसे वसूल होतात ते इथे. 17 वा चांगला 650 यार्डांचा. 1993 मध्ये व्यावसायिक खेळाडू जॉन डेलीने त्याचं ग्रीन दोन फटक्यांत गाठलं होतं. मला चार लागतात. 18 व्यावर 1967 च्या ओपनमध्ये जॅक निकलसने एक-आयर्नने चढावर 238 यार्ड मारून ग्रीन गाठलं, बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली आणि एकूण 275 फटक्यांवर ओपनचा विक्रम केला. 1980 मध्ये तिथेच 272 करून तो स्वतःच मोडला. मी त्याच अंतरावर बॉल ठेवून हायब्रिड काठीने सराव करतो. चढ डोळ्यांना दिसतो, पायाला लागत नाही. मॅट सपाटच राहते. सिम्युलेटरची सगळ्यात मोठी उणीव हीच.

दुसरी तक्रार जास्त बोचते. 1954 च्या ओपनमध्ये खेळाडू एड फरगोलचा ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, 18 व्यावर डावीकडे झाडांत गेला. लहानपणच्या दुखापतीने त्याचा डावा हात कोपरात वाकडाच राहिला होता. त्याने बॉल शेजारच्या अपर कोर्सच्या फेअरवेवर (मोकळ्या गवताच्या पट्ट्यावर) काढला, तिकडून ग्रीनकडे आला, पार वाचवला आणि एका फटक्याने ओपन जिंकली. तो मार्ग करून बघावा म्हणून मी मुद्दाम डावीकडे मारला. यंत्र म्हणतं, आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर! झाडांपलीकडे कोर्सच नाही, नुसता हिरवा रंग फासलाय. कोर्स विभागात अपर वेगळा आहे, पण त्याची ग्रीन इतकी सपाट की मी परत उघडला नाही.

शिवाय ही नक्कल जुन्या लोअरची आहे. आजच्या काळातल्या गिल हान्स या कोर्स आखणाऱ्याने टिलिंगहास्टचे जुने आराखडे बघून कोर्स पूर्ववत केला, ग्रीन वाढवली, झाडं कमी केली, आणि 2021 मध्ये तो पुन्हा सुरू झाला. 2023 ची महिला पीजीए ही मोठी स्पर्धा, जी चीनच्या रुओनिंग यिनने जिंकली, ती याच नव्या रूपावर झाली. तिची हायलाइट्स बघून लगेच पडद्यावर खेळायला गेलात तर बंकर (वाळूचे खड्डे) भलतीकडे सापडतात.

पटिंगबद्दल, म्हणजे ग्रीनवर बॉल हळूच खड्ड्यात घालण्याबद्दल, थोडक्यात: ऑटोवर टाका, यंत्रालाच करू द्या, डोकं शांत राहील.

वर्गणी पुढच्या वर्षीची भरली आहे. लोअरचं नवं रूप अपडेटमध्ये आलं नाही, तर त्यानंतर भरणार नाही. 2029 ची पीजीए चॅम्पियनशिप बाल्टसरोललाच आहे. सिम्युलेटरच्या पैशांत तिची किती तिकिटं येतील, हा हिशेब घरात माझ्याआधीच कुणीतरी मांडून ठेवलाय.