पूरकाळातली देवस्थान-मठांची अन्नछत्रं : सेवा कशी आहे?

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पाणी चाळिशीकडे सरकलं की मंदिर, मठ, मशिदींची स्वयंपाकघरं सरकारी शिबिराआधीच पेटतात; मोठी पातेली, आचारी, वाढपी तयारच असतात.

खिचडी पहिल्या नंबरची. तीन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ. किलोभर धान्यात साधारण दहा माणसं जेवतात. कांदा-लसूण नसल्यानं श्रावण पाळणारे, जैन, मुसलमान एकाच पंगतीत बसतात. 2019 ला पूर, श्रावण आणि बकरी ईद एकत्र आले, तेव्हा ही साधी गोष्ट फार मोलाची होती.

पाकिटं मात्र नकोत. गरम खिचडी प्लास्टिकमध्ये बांधली की वाफ धरते, नावेतून पोचेपर्यंत आंबते. चपाती-चटणी द्या. आरती होईपर्यंत लहान पोरांना ताटकळत ठेवणंही चुकीचंच.

सगळ्यात मोठी उणीव जनावरांची. म्हैस सोडून माणूस घराबाहेर पडत नाही. गोठ्याची जागा आणि वैरण नसेल, तर अन्नछत्र कितीही चांगलं असो, नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीचा शेतकरी पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत हलत नाही. सेवेला पाचपैकी साडेतीन गुण.