गिंपमध्ये चमकती नावं: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः शिरोरेषेबद्दल

चमचमणारी नावं करून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेची वर्गणी मी भरत होते. नाव टाइप करायचं, रंग निवडायचा, हलणारी जिफ फाइल उतरवून घ्यायची, एवढंच काम. रोमन अक्षरांत ते नीट चालायचं. देवनागरी नाव टाकलं की प्रत्येक अक्षर सुटं व्हायचं, प्रत्येकाभोवती वेगळी किनार यायची आणि शिरोरेषेचे तुकडे पडायचे. 'निखिल' लिहिलं तर वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. तक्रार केली. उत्तर आलं, 'नाव इंग्रजी अक्षरांत लिहून पाहा.' त्याच दिवशी वर्गणी बंद केली. पैसे घेताना लिपी विचारत नाहीत, मग काम करून देतानाही विचारू नये.

तेव्हापासून सगळी नावं गिंप या चित्रं संपादित करायच्या प्रोग्राममध्ये करते. आधी २.१० ही आवृत्ती, नंतर ३.०. त्यात काय काय करता येतं हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच, म्हणून त्याची यादी देत नाही. १९९५ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रोग्राम अजूनही फुकट आहे, आणि माझ्यासाठी ती लहान गोष्ट नाही. हौसेचं काम दर महिन्याला पैसे मागायला लागलं की हौस टिकत नाही.

पहिलं समाधान मजकुराच्या हत्याराने दिलं. गिंपमध्ये अक्षरांची जुळणी पँगो आणि हार्फबझ या दोन लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) करतात, त्यामुळे 'प्राजक्ता', 'श्रद्धा', 'ज्ञानेश्वरी', 'ऐश्वर्या' ही नावं काही न करता बरोबर उमटतात. जोडाक्षरं, रफार, वेलांटी, सगळं जागच्या जागी. फोटोशॉपमध्येही हे जमतं, पण तिथे जुन्या आवृत्त्यांत सेटिंगमध्ये जाऊन मजकुरासाठी वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावा लागायचा. तो निवडला नसेल तर मात्रा भलतीकडे जायच्या आणि अनेकजण दोष फॉन्टला द्यायचे. गिंपच्या मजकुराच्या पर्यायांत भाषा निवडायचीही सोय आहे. तिथे मराठी ठेवलं आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असले, तर तेच येतात. 'शीतल' हे नाव एकदा हिंदी वळणात आणि एकदा मराठी वळणात करून शेजारी ठेवा. ज्याचं नाव आहे त्याला फरक लगेच कळतो.

आता चमक. ज्यांनी ऑर्कुट या जुन्या सोशल साइटच्या काळात स्क्रॅपबुकात अशी नावं पाठवली आहेत त्यांना गुपित ठाऊक आहे: एकाच नावाच्या तीन फ्रेम, प्रत्येकीत कणांची मांडणी वेगळी, आणि त्या एकामागून एक फिरत राहतात. डोळ्याला ती लुकलुक वाटते. तीनपेक्षा जास्त फ्रेम घेऊन फायदा होत नाही, फाइल तेवढी फुगते. दोनच घेतल्या तर नाव चमकण्याऐवजी थरथरतं. गिंपमध्ये कण तयार करायला फिल्टर्समधल्या नॉइज विभागातलं एचएसव्ही नॉइज वापरते, ते रंगात विखुरलेले ठिपके टाकतं. रंग मध्यम उजेडाचा हवा. अगदी पांढऱ्यावर किंवा अगदी काळ्यावर कणांना वर-खाली जायला जागाच नसते. ह्यू (रंगछटा) जवळजवळ शून्यावर ठेवायचा, नाहीतर गुलाबी नावात हिरवे ठिपके दिसतात. व्हॅल्यू (उजळपणा) भरपूर वाढवायची. मग रँडम सीड (कण कुठे पडतील हे ठरवणारा आकडा) बदलला की दुसरी फ्रेम, पुन्हा बदलला की तिसरी.

पहिल्या काही आठवड्यांत माझं मत होतं की गिंपची चमक फिकी आहे. कण एकेका पिक्सेलचा असतो, त्यामुळे नावावर धूळ बसल्यासारखं दिसतं. ते मत आता राहिलेलं नाही. नॉइज लहान चित्रावर करायचं आणि ते चित्र इंटरपोलेशन (मोठं करताना कडा मऊ करणं) बंद ठेवून दुप्पट मोठं करायचं. कण दोन-दोन पिक्सेलचे चौकोन होतात आणि त्यांना धार येते. ते चित्र कॉपी केलं की क्लिपबोर्डवरचा नमुना पॅटर्नच्या यादीत आपोआप दिसतो. अक्षरांचं सिलेक्शन घेऊन त्यात तो ओतायचा. एवढ्या एका बदलाने नावाचं रूप पालटतं.

इथपर्यंत सगळं गोड. आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती.

चमकत्या नावाला किनार लागतेच. किनार नसेल तर कण आणि मागचा रंग एकमेकांत मिसळतात आणि नाव वाचता येत नाही. सरळ मार्ग वाटतो तो असा: मजकुरावरून पाथ (अक्षरांच्या कडांची रेषा) बनवा आणि पाथवर रेघ ओढा. रोमन नावांवर हे सुंदर चालतं, कारण तिथे बहुतेक फॉन्टमध्ये अक्षरं एकमेकांना शिवत नाहीत. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं, आणि ओळ अखंड दिसावी म्हणून फॉन्ट बनवणारे ते तुकडे एकमेकांवर किंचित चढवतात. साध्या छपाईत हे दिसत नाही, कारण काळ्यावर काळं पडतं. पाथमध्ये मात्र प्रत्येक अक्षराचा आकार वेगळा राहतो. त्यावर रेघ ओढली की शिरोरेषेच्या आत, दर दोन अक्षरांच्या सांध्यावर, एक बारीक उभी काडी उभी राहते. 'समीक्षा' या नावात अशा काड्या ओळीने दिसतात. काना वेगळा जोडलेला असला तर तिथेही. आत चमकते कण असल्यामुळे ती काडी लपत नाही, उलट ठळक होते: सगळं लुकलुकत असताना ती एकटीच स्थिर असते.

मी या काड्या रबराने पुसत बसले आहे, नाव मोठं करून एकेक सांधा रंगवला आहे, आणि तरीही फॉन्ट बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पाथचे सगळे आकार एकत्र करून बाहेरची एकच कड ठेवणारी सोय मजकुराच्या हत्यारातच हवी होती. इंकस्केप या रेखाचित्रांच्या प्रोग्राममध्ये युनियन ही आज्ञा आहे, ती हेच करते. पण दर नावासाठी दुसरा प्रोग्राम उघडायचा, एसव्हीजी (रेषांच्या चित्राची फाइल) न्यायची आणि आणायची, हा द्राविडी प्राणायाम आहे.

गिंपमध्येच चालणारा उपाय असा. मजकुराच्या लेअरवर (थरावर) अल्फा टू सिलेक्शन करायचं, म्हणजे अक्षरांनी व्यापलेला भाग निवडला जातो. सिलेक्शनला अक्षरं सुटी दिसत नाहीत, त्याला एकच ठसा दिसतो, त्यामुळे सांधे आपोआप नाहीसे होतात. मग ग्रो आज्ञेने सिलेक्शन तीन-चार पिक्सेल वाढवायचं, मजकुराच्या खाली नवा लेअर घ्यायचा आणि तो गडद रंगाने भरायचा. किनार अखंड येते. एक काळजी घ्या: तो लेअर पूर्ण चित्राच्या मापाचा असू द्या. मजकुराच्या मापाचा घेतला तर वाढलेली किनार लेअरच्या हद्दीत कापली जाते, आणि पहिली शिकार होते वरच्या मात्रांची टोकं आणि रफार.

शिरोरेषेचं दुखणं इथे संपत नाही. अक्षरांतलं अंतर वाढवलं की ती तुटते. नाव रुंद हवं असेल तर अंतर शून्यावरच ठेवा आणि रुंद फॉन्ट घ्या. पॅटर्नचा तुकडा लहान असेल तर तो पुन्हा पुन्हा येतो. अक्षरांच्या गोलाईत ती पुनरावृत्ती हरवते, पण शिरोरेषा लांब आणि सरळ असल्यामुळे तिच्यावर तोच ठिपक्यांचा गुच्छ ठरावीक अंतराने दिसायला लागतो. म्हणून तुकडा नावाच्या रुंदीपेक्षा मोठा करा. आणि कण भरण्यापूर्वी वरून खाली फिका ते गडद असा ग्रेडियंट दिला तर शिरोरेषा उजळ राहते आणि नाव लांबूनही वाचता येतं. मराठी नाव वाचताना डोळा तिच्यावरूनच सरकतो, असं माझं ठाम मत झालं आहे. ती स्वच्छ असली तर बाकी अक्षरांतला थोडा गोंधळ खपतो.

फॉन्टचं थोडक्यात: जाड हवेत. बारीक रेषेत दोन-तीनच कण मावतात आणि चमक दिसत नाही. एक टाइप या संस्थेचे मोदक आणि बालू हे दोन्ही फुकट मिळतात. मोदक तर इतका गुबगुबीत आहे की तो याच कामासाठी काढला असावा असं वाटतं. मात्र त्यातल्या अक्षरांमधल्या फटी फारच अरुंद आहेत, त्यामुळे किनार एक-दोन पिक्सेलच्या वर नेऊ नका. रोजच्या वापराला बालू.

३.० आल्यावर माझं आणखी एक मत बदललं. २.१० मध्ये मजकुरावर फिल्टर लावला आणि नंतर नाव बदललं की फिल्टरचं काम पुसलं जायचं. म्हणजे प्रत्येक नाव शून्यापासून. ३.० मध्ये फिल्टर लेअरला चिकटून राहतो आणि मजकूर मजकूरच राहतो. एकदा साचा केला, तीन लेअरवर (एक लेअर म्हणजे एक फ्रेम) तीन वेगळे सीड दिले, की पुढे फक्त नाव बदलायचं. भाचेकंपनीची सगळी नावं मी एका बैठकीत केली, आणि शेवटच्या नावाला पहिल्याइतकाच उत्साह होता. या पद्धतीत कण पुन्हा एका पिक्सेलचे येतात, त्यामुळे खास नावासाठी अजूनही पॅटर्नचीच पद्धत वापरते. पण घाईच्या वेळी हे पुरतं. नाव तीन ठिकाणी बदलावं लागतं, हा कंटाळा मात्र आहे.

चांदण्यांसाठी स्पार्कल नावाचा फिल्टर आहे. तो चित्रातले सर्वांत उजळ ठिपके शोधून तिथे किरण काढतो. कणांनी भरलेल्या नावावर लावला तर सगळीकडेच किरण निघतात आणि नाव हरवतं. त्यापेक्षा ब्रश एडिटरमध्ये स्पाइक्स चार करून आणि आस्पेक्ट रेशो वाढवून चांदणीचा ब्रश बनवा आणि हव्या त्या दोन-तीन जागी हाताने ठेवा. एक शिरोरेषेच्या डाव्या टोकाला, एक शेवटच्या कान्याच्या पायाशी. प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी चांदणी मोठी करा. यापेक्षा जास्त लागत नाही.

जिफ बाहेर काढताना अडचणी आहेत, पण त्यात गिंपचा दोष नाही. हा फाइलचा प्रकार १९८७ चा आहे, एका फ्रेममध्ये २५६ रंग, आणि पारदर्शकता पूर्ण किंवा शून्य. अर्धपारदर्शक कडा ठेवता येत नाहीत, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवर नावाभोवती पांढरट दाते दिसतात. नाव कुठल्या रंगावर बसणार हे माहीत असेल तर तो रंग बॅकग्राउंडला ठेवून लेअरच्या ट्रान्सपरन्सीमधलं सेमी-फ्लॅटन चालवा, म्हणजे अर्धपारदर्शक कडांत तो रंग मिसळतो. इंडेक्स्ड (मोजक्या रंगांच्या) मोडमध्ये जाण्याआधी चित्राची प्रत करून घ्या, साचा तसाच राहू द्या. रंग ६४ वर आणले तरी चमकत्या नावात फरक जाणवत नाही, आणि डिदरिंग (कमी पडलेले रंग ठिपक्यांनी भासवणं) बंद ठेवा, कण आधीच पुरेसे आहेत. फाइल मोठी होण्याचं कारणही हे कणच: जिफची दाबण्याची पद्धत पुन्हा पुन्हा येणाऱ्या रांगा शोधते, आणि विखुरलेल्या कणांत तशा रांगा फारशा सापडत नाहीत. म्हणून किनार आणि सावली फक्त पहिल्या फ्रेममध्ये ठेवा, पुढच्या दोन फ्रेममध्ये नुसते कण, आणि फ्रेम एकमेकींवर चढतील असा कंबाइन पर्याय द्या.

फ्रेममधला वेळ १०० ते १५० मिलिसेकंद. वीसपेक्षा कमी दिला तर अनेक ब्राउझर तो स्वतःच १०० वर नेतात, म्हणजे वेगाच्या हौसेने उलट काम मंदावतं. नाव पूर्ण दिसणं आणि पूर्ण जाणं अशी उघडझाप तर करूच नका. मोठ्या भागात सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उजेड-अंधार झाला तर प्रकाशाने फेफरं येणाऱ्या माणसांना त्रास होऊ शकतो, म्हणून वेबच्या सुलभतेच्या नियमांत त्याला मनाई आहे. बारीक विखुरलेल्या कणांची लुकलुक त्या मानाने निरुपद्रवी.

जिथे चालतं तिथे आता मी जिफऐवजी हलणारं वेबपी (चित्रफाइलचा आणखी एक प्रकार) काढते. गिंप ते थेट काढून देतं, कडा मऊ राहतात आणि दाते नाहीसे होतात. मी वापरते त्या मेसेजिंग ॲपमध्ये मात्र जिफ पाठवली की तिचा व्हिडिओ होतो आणि पारदर्शक भाग काळा पडतो. तिथे पाठवायच्या नावाला मी आधीच एक रंगीत पट्टी मागे देते, शिरोरेषेच्या रंगाहून बरीच गडद.